मिनियापोलिसमध्ये एका खुर्चीवरून चाललेला वाद

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या सिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरसेवकांच्या सभागृहात, एका पदावरून वाद आहे, आणि तो ते पद जन्माला आल्यापासूनच आहे. पदाचं नाव कम्युनिटी सेफ्टी कमिशनर. पोलीस, अग्निशमन दल, ९११ चा, म्हणजे आणीबाणीच्या फोनचा, नियंत्रण कक्ष, आपत्ती व्यवस्थापन आणि 'नेबरहूड सेफ्टी' नावाचा, हिंसाचार घडण्याआधीच रोखायचं काम करणारा विभाग, असे पाच विभाग या एका अधिकाऱ्याच्या हाताखाली येतात. पगार वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर. तुमच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचे पोलीस आयुक्त आले असतील तर ते चित्र जरा बाजूला ठेवा. आपल्याकडच्या पोलीस आयुक्तांचं काम इथे पोलीसप्रमुख करतात. हे कमिशनर त्यांच्याही वर बसतात, पण ना अंगावर गणवेश, ना कमरेला पिस्तूल.

हे पद हवंच कशाला, असा प्रश्न कौन्सिलच्या सभागृहात उघडपणे विचारला जातो. सामान्य माणसंही तिथे जाऊन माइकसमोर उभी राहून तो विचारतात. साताऱ्याला फोनवर मी हे बाबांना सांगितलं, तर त्यांना आधी खरंच वाटेना. बाबा जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेतून निवृत्त झाले. मंजूर पदं, रिक्त पदं, आकृतिबंध, पद व्यपगत करणं ही भाषा त्यांनी जन्मभर वापरली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, पण पोलिसांवरचं पद नगरसेवक कसं काय रद्द करणार? गृहखातं काय म्हणतं?"

इथे मधे गृहखातं नाहीच, आणि सगळ्यात मोठा फरक तोच आहे. महाराष्ट्रात पोलीस राज्य सरकारचे. पुण्याचा पोलीस आयुक्त कोण असावा, त्याच्या हाताखाली किती उपायुक्त असावेत, हे मंत्रालयात ठरतं. महापालिकेच्या सभेत नगरसेवकाने फार तर चौकीच्या जागेबद्दल किंवा सीसीटीव्हीबद्दल बोलावं, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. अमेरिकेत बहुतेक शहरांचे पोलीस हे त्या शहराचे नोकर असतात. त्यांचा पगार शहराच्या घरपट्टीतून जातो, त्यांच्या चुकांची भरपाईही त्याच तिजोरीतून जाते. पोलिसांच्या हातून जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या कुटुंबाला २०२१ मध्ये शहराने २ कोटी ७० लाख डॉलर दिले, ते आम्हा सव्वाचार लाखांच्या आसपास रहिवाशांच्या खिशातूनच. त्यामुळे पोलिसांच्या वर कोण बसणार, हा इथे रस्ते आणि बर्फ उपसण्याइतकाच शहराचा घरगुती प्रश्न आहे.

पद कसं आलं ते सांगते, कारण वादाचं मूळ तिथे आहे.

२५ मे २०२० ला अडतिसाव्या रस्त्याच्या आणि शिकागो अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. आम्ही तेव्हा दक्षिण मिनियापोलिसमध्येच राहत होतो, लेक स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यावरून उद्रेक झाला आणि २८ मे च्या रात्री तिसऱ्या प्रिसिंक्टची इमारत, म्हणजे आमच्या भागाचं पोलीस ठाणं, जळालं. अंगणात राख पडत होती. आमच्या गल्लीतल्या लोकांनी बागेला पाणी घालायचे पाइप घरासमोर काढून ठेवले होते आणि पाळ्या लावून रात्रभर ओट्यांवर बसले होते. मी पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले आणि आईने दिलेलं मंगळसूत्र एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवलं होतं. सुरक्षा म्हणजे काय, यावर त्यानंतर या शहरात ज्या चर्चा झाल्या त्या पुस्तकी नव्हत्या. प्रत्येकाकडे त्या आठवड्याची स्वतःची एक पिशवी होती.

७ जूनला पावडरहॉर्न पार्कमध्ये कौन्सिलच्या १३ पैकी ९ सदस्यांनी व्यासपीठावर उभं राहून पोलीस खातं मोडीत काढण्याची सुरुवात करू असं जाहीर केलं. बोलणं सोपं होतं. शहराच्या चार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या स्वतःच्या घटनेत, १९६१ पासून एक कलम आहे: दर हजार रहिवाशांमागे १.७ इतके पोलीस कर्मचारी ठेवलेच पाहिजेत. ते बदलायला लोकांचा कौल घ्यावा लागतो. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतला गेला. मतपत्रिकेवर दोन प्रश्न महत्त्वाचे होते. एक, शहराचा कारभार मेयरच्या हाती एकवटायचा का? दोन, पोलीस खात्याच्या जागी 'सार्वजनिक सुरक्षा विभाग' आणायचा का, ज्याच्या डोक्यावर एक कमिशनर असेल?

पहिल्याला ५२ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्याला ५६ टक्के नाही म्हणाले.

या दोन उत्तरांच्या सांध्यावरच पुढचं सगळं उभं आहे. आधी या शहरात १३ कौन्सिल सदस्य आणि एक मेयर मिळून १४ साहेब आहेत, अशी तक्रार असायची. खात्यांच्या प्रमुखांना कोणाचं ऐकावं ते कळत नसे. २०२१ नंतर कारभार मेयरचा आणि कायदे करणं, पैसे मंजूर करणं, जाब विचारणं कौन्सिलचं, अशी वाटणी झाली. मेयर जेकब फ्रे यांनी नव्या अधिकारांच्या जोरावर शहराची रचना बदलली आणि त्यात 'ऑफिस ऑफ कम्युनिटी सेफ्टी' आणलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कौन्सिलच्या संमतीने सेड्रिक अलेक्झांडर पहिले कमिशनर झाले. जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) त्यांनी सार्वजनिक सुरक्षेचं काम पाहिलं होतं, ओबामांच्या काळातल्या पोलीस सुधारणेच्या कार्यगटातही ते होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात नूअर्कहून ब्रायन ओहारा पोलीसप्रमुख म्हणून आले, आणि नूअर्कमध्ये ते स्वतः सार्वजनिक सुरक्षेचे संचालक होते. म्हणजे वरच्या खुर्चीचा अनुभव असलेला माणूस इथे खालच्या खुर्चीत बसला.

आता लोकांना जे खुपलं ते असं. आम्ही दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणालो, त्यातला कमिशनर तर आलाच की! पोलीस खातं तसंच राहिलं, त्याच्या वर एक मजला चढला. पोलीस कमी करायला निघालेल्यांनाही हे नको होतं आणि पोलीस वाढवा म्हणणाऱ्यांनाही. दोन्ही टोकांच्या माणसांनी एकाच पदावर बोट ठेवावं, असं या शहरात क्वचित होतं.

अलेक्झांडर वर्षभर टिकले. १ सप्टेंबर २०२३ ला ते निवृत्त झाले आणि ऑक्टोबरात टॉड्रिक बार्नेट आले, जे तोवर हेनेपिन काउंटीच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. न्यायाधीशाची स्थिर खुर्ची सोडून माणूस या वादात उडी घेतो, याचं मला तेव्हा अप्रूप वाटलं होतं, आजही वाटतं. मी जे लिहिते आहे ते या दोघांपैकी कोणाच्याही विरुद्ध नाही. वाद माणसांचा नाही, खुर्चीचा आहे.

डिसेंबर हा इथे अंदाजपत्रकाचा महिना. ऑगस्टमध्ये मेयर आराखडा मांडतात, सप्टेंबरात घरपट्टीची वरची मर्यादा ठरते, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी जाहीर सुनावणी होते. कोणीही यावं, नाव नोंदवावं, बोलावं. डिसेंबर २०२४ मध्ये मी गेले होते. सभागृहात जाड कोटांचे ढीग, बुटांवरून वितळलेल्या बर्फाचं जमिनीवर पाणी, मागच्या बाकावर वहीत गणितं सोडवणारी दोन पोरं. सोमाली, स्पॅनिश आणि हमाँग दुभाषे कानाच्या यंत्रांसह बसलेले. नाव पुकारलं की माइकपाशी जायचं, दोन मिनिटं मिळतात. वेळ संपली की सूचना होते आणि बहुतेक जण वाक्य अर्धवट ठेवून निमूट बसतात. समोर अर्धगोलात सदस्य. काही टिपणं घेत होते, एक-दोघं डोळे चोळत होते. तरी उठून कोणी गेलं नाही.

त्या संध्याकाळी बोलणाऱ्यांपैकी कित्येक जण घरपट्टीबद्दल बोलले. त्या वर्षी मेयरनी ८.१ टक्के वाढ सुचवली होती. एक निवृत्त बाई म्हणाल्या की त्यांचं पेन्शन तेवढं वाढलेलं नाही, तर वरच्या पगारांना आधी हात लावा. तिथून गाडी कमिशनरच्या कार्यालयावर आली. एका तरुणाचा मुद्दा जास्त नेमका होता. जुलै २०२४ मध्ये पोलिसांच्या संघटनेशी करार झाला, ३ वर्षांत २१.७ टक्के पगारवाढ. पोलिसांची संख्या मात्र २०२० च्या जवळपास ९०० वरून ६०० च्या खाली आलेली. रस्त्यावरचं मनुष्यबळ एक तृतीयांशाने घटलं असताना वर नवं कार्यालय कसं परवडतं, असं तो विचारत होता. मग एक बाई उठल्या, त्यांच्या मुलाचा गोळीबारात मृत्यू झाला होता. त्यांनी पगाराचा विषयच काढला नाही. त्यांना इतकंच हवं होतं की पोलीस, दवाखान्यातले समुपदेशक आणि मोहल्ल्यात काम करणाऱ्या संस्था यांना एकत्र बसवणारं कोणीतरी असावं, कारण त्यांच्या वेळी कोणालाच दुसऱ्याचा पत्ता नव्हता. त्यांची दोन मिनिटं संपली तेव्हा कोणी थांबवलं नाही.

त्या बाईंचं म्हणणं मी सोबत घेऊन घरी आले. ठेवावं की काढावं या वादात पैशाचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. २०२५ साठीचं अंदाजपत्रक १८८ कोटी डॉलरचं होतं. त्यात एका पगाराने घरपट्टी हलत नाही. खरा प्रश्न त्या बाईंनी मांडला: सगळ्यांना एकत्र बसवणारं कोण? आणि त्याला जोडून माझा स्वतःचा: त्या माणसाने ते केलं नाही, तर मी कोणाला विचारायचं?

एकत्र बसवणं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारीतली दुपार, तापमान शून्याच्या खूप खाली. बसथांब्यावर एक माणूस हातमोजे, टोपी काढून फेकत होता आणि कोणाशी तरी मोठमोठ्याने भांडत होता, समोर कोणी नसताना. मी ९११ ला फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, त्याच्याकडे शस्त्र दिसतंय का, तो कोणाला मारायला धावतोय का, तुम्ही सुरक्षित अंतरावर आहात का. मी नाही, नाही, हो म्हणाले. थोड्या वेळाने एक व्हॅन आली. सायरन नाही, पोलीस नाही. दोन माणसं उतरली, त्यातली एक जमिनीवर पडलेले मोजे गोळा करत करत त्या माणसापासून चार पावलांवर थांबली आणि तशीच वाकून बसली. दुसरी जरा मागे उभी राहिली. काय बोलत होते ते ऐकू आलं नाही. पण त्याने स्वतः हात पुढे केला आणि तिने त्याला मोजा घातला, आधी उजवा, मग डावा. मग तिघं व्हॅनमध्ये बसले.

हे पथक म्हणजे 'बिहेवियरल क्रायसिस रिस्पॉन्स'. मानसिक आरोग्याचं शिक्षण घेतलेली दोन निःशस्त्र माणसं, ९११ च्या फोनवरून थेट पाठवली जातात. २०२० नंतर या शहराने जे काही उभं केलं त्यात मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. याच शहरात एका साध्या तक्रारीवरून पोलीस आले आणि एक माणूस जिवानिशी गेला, हे आठवलं की त्या मोज्यांची किंमत कळते.

पण मुद्दा असा की हे पथक डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. कमिशनरचं पद आलं २०२२ मध्ये. हिंसा रोखण्याचं कार्यालयही २०१८ पासून होतं, तेव्हा ते आरोग्य विभागाखाली होतं. नारिंगी शर्ट घालून रस्त्यावर फिरणारी, दोन गटांत भांडण पेटायच्या आत मध्ये पडणारी माणसं २०२१ पासून दिसतात. म्हणजे ज्या गोष्टी चालल्या त्या या खुर्चीशिवाय सुरू झाल्या होत्या. उलट हिंसा रोखण्याचं काम आरोग्य विभागातून काढून नव्या कार्यालयाखाली आणल्यावर संस्थांना पैसे वेळेवर मिळत नाहीत, कंत्राटं कशी दिली जातात ते कळत नाही, अशा तक्रारी कौन्सिलपुढे येत राहिल्या. याचा सगळा दोष पदाला देणं अन्यायाचं होईल. नव्या विभागाला बाळसं धरायला वेळ लागतो. तरी पद असल्यामुळे समन्वय सुधारला, असा दावा करणाऱ्यांनी तो दाखवूनही द्यायला हवा.

मला पटत नाही ती दुसरी गोष्ट चार्टरमधली. पोलीस खात्यावर मेयरचा संपूर्ण अधिकार आहे असं चार्टर सांगतं. तिथे कमिशनरचा उल्लेख नाही. पोलीसप्रमुख कमिशनरला उत्तर देतात, कमिशनर मेयरला, आणि अधिकार मात्र मेयरचाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराच्या आमच्याच बाजूला एका माणसावर त्याच्या शेजाऱ्याने गोळी झाडली. तो अंगणातलं झाड छाटत होता. शेजाऱ्याबद्दल तक्रारी आधीपासून होत्या, अटकेची वॉरंटही होती. लोक संतापले, कौन्सिलने जाब विचारला, पोलीसप्रमुखांनी जाहीरपणे माफी मागितली. त्या दिवसांत दुकानात, शाळेच्या दारात, बसमध्ये माझ्या कानावर जे बोलणं आलं त्यात पोलीसप्रमुख होते, मेयर होते. कमिशनरचं नाव कोणी घेतलं नाही. ज्या दिवशी सगळ्यात जास्त जबाब हवा होता त्या दिवशी ती खुर्ची लोकांच्या डोक्यातच नव्हती. पाच विभागांचा प्रमुख असलेल्या पदाबद्दल ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

त्यात देखरेखीचे मजले आधीच बरेच आहेत. एप्रिल २०२२ मध्ये राज्याच्या मानवी हक्क विभागाने मिनियापोलिस पोलिसांमध्ये वांशिक भेदभावाचा शिरस्ता आहे असा निष्कर्ष काढला, मार्च २०२३ मध्ये शहराशी करार केला आणि तो न्यायालयाच्या देखरेखीखाली आहे. त्याची अंमलबजावणी तपासायला स्वतंत्र मूल्यमापक नेमला आहे. केंद्राच्या न्याय विभागाने जून २०२३ मध्ये स्वतःचा अहवाल दिला, जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याशीही करार झाला, आणि मे २०२५ मध्ये त्याच विभागाने तो मागे घेतला. नागरिकांचा देखरेख आयोग वेगळाच. एवढ्या सगळ्यांतून सामान्य माणसाने वाट काढायची. फलटणची एखादी आजी तहसील कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तसं इथे माइकसमोरच्या माणसाचं होतं. फरक असलाच तर इथली टेबलं स्वच्छ असतात.

म्हणून माझं मत पद आत्ता आहे त्या रूपात ठेवू नये असं झालं आहे. हे मत मी गल्लीत उघडपणे मांडते, आणि त्यावरून माझं सगळ्यात जास्त भांडण होतं ते समोरच्या घरातल्या आजींशी.

त्या कृष्णवर्णीय आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे, जन्म इथलाच. त्यांना मी नावाने हाक मारत नाही, मॅम म्हणते, कारण त्यांच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं मला इतक्या वर्षांनीही जमत नाही, आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांचं म्हणणं सरळ आहे. पोलिसांच्या वर गणवेश नसलेला माणूस बसला, ही गोष्ट या शहरात मिळायला आयुष्य गेलं. त्यांच्या तरुणपणी पोलीसप्रमुख आणि पोलिसांची संघटना हेच शहर चालवत असं त्या सांगतात. मेयर बदलतात, निवडणूक आली की पोलिसांना दुखवायला घाबरतात. कमिशनरला निवडणूक लढवायची नसते. तो काम नीट करत नाही म्हणून खुर्चीच जाळायची का? मला म्हणतात, तू मागून आलीस, तुला मजला वाढलेला दिसतो, मला जिना मिळालेला दिसतो.

याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. पण त्यांच्याच युक्तिवादातून मला पुढचं दिसतं. कमिशनरला निवडणूक लढवायची नसते, खरं, पण त्याला नेमतो मेयर. संमती कौन्सिलची लागते, तरी रोजचं ऐकायचं ते मेयरचं. म्हणजे मेयर घाबरला तर कमिशनरही त्याच भीतीच्या आत काम करणार. जिना हवा असेल तर तो कागदावर पक्का करायला हवा: पोलिसांच्या शिस्तीच्या प्रकरणांत कमिशनरचा अधिकार काय, ९११ वरून कोणता फोन कोणाकडे जावा हे ठरवण्यात त्याचा शब्द शेवटचा आहे का, आणि दर महिन्याला कौन्सिलपुढे उभं राहून आकडे सांगायला तो बांधील आहे का. हे कायद्यात लिहिणार असाल तर पद ठेवा. लिहिणार नसाल तर ९११ आणि आपत्ती व्यवस्थापन प्रशासनाकडे द्या, हिंसा रोखण्याचं काम परत आरोग्याकडे न्या, आणि पोलीस व अग्निशमनप्रमुखांना थेट मेयरखाली ठेवा, म्हणजे दोष कोणाचा हे तरी कळेल.

हे कौन्सिलला करता येतं का? येतं. शहराचे विभाग कोणते आणि त्यांची कामं काय, हे ठरवणारा शहराचा कायदा कौन्सिलच्या हातात आहे आणि तिजोरीची किल्लीही. मेयर नकाराधिकार वापरू शकतात. मग १३ पैकी ९ मतं असतील तर कौन्सिल तो फिरवू शकतं. हे नुसतं पुस्तकात नाही. त्याच डिसेंबर २०२४ मध्ये कौन्सिलने घरपट्टीवाढ ६.८ टक्क्यांवर आणून अंदाजपत्रक मंजूर केलं, मेयरनी अख्खं अंदाजपत्रक नाकारलं, आणि कौन्सिलने ९ विरुद्ध ४ मतांनी त्यांचा नकार फिरवला. बाबांना हे सांगताना मला खूप मजा आली. त्यांनी दोनदा विचारलं, "आख्खं अंदाजपत्रक?" मग म्हणाले, "आमच्याकडे तर सभागृहच नव्हतं इतकी वर्षं."

ते खरं आहे, आणि मला ते सलतं. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. अंदाजपत्रक मांडणाराही तोच, मंजूर करणाराही तोच. स्थायी समितीतली भांडणं कितीही वाईट असोत, ती भांडणं होती. पोलीस आपल्याकडे राज्याचे असतील, पण अग्निशमन दल महापालिकेचं आहे. त्यातली किती पदं मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, नव्या उपनगरात केंद्र कधी होणार, हे विचारायला सभागृहात माणूस लागतो. इथल्या सुनावणीत बसून मी वाद ऐकत होते तेव्हा मला राहून राहून तेच वाटत होतं.

मी माझ्या वॉर्डच्या कौन्सिल सदस्याला पत्र लिहिलं आहे. त्यात वरचे तीन मुद्दे घातले, बसथांब्यावरचा प्रसंग घातला, आणि त्या बाईंचा प्रश्न जसाच्या तसा घातला, की पोलीस, समुपदेशक आणि संस्था यांना एकत्र बसवायचं काम कोणाचं. कार्यालयातून उत्तर आलं की पत्र जाहीर नोंदीत जोडलं आहे. समोरच्या आजींनीही पत्र लिहिलं, माझ्या बरोबर उलट, आणि टाइप करायला मलाच बोलावलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी त्यांचा एकेक मुद्दा लिहून घेतला. त्यांच्या पत्रातला चौथा मुद्दा माझ्या पत्रात नव्हता: कमिशनरने दर महिन्याला एकदा लेक स्ट्रीटच्या ग्रंथालयात बसावं, लोकांनी वेळ न घेता यावं. पद राहणार असेल तर ही मागणी माझीही आहे, असं मी दुसऱ्या दिवशी कौन्सिलला पुरवणी म्हणून कळवलं.